टायरला फुगा आला, कंपनी म्हणते खड्ड्यात तुम्हीच घातली. मग वॉरंटी नेमकी कशाची असते?

गोदाकाठ:
नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असतो पण आज डोकं फिरलंय म्हणून लिहितोय.

नाशिकला असतो. गाडी साधी हॅचबॅक. मागच्या वर्षी चारही टायर एकदम बदलले, कंपनी नावाजलेली (नाव लिहीत नाही, कारण भांडण अजून चालू आहे), अधिकृत डीलर, जीएसटीचं पक्कं बिल, साईज गाडीवाल्याने दिलेलीच, १८५/६५ आर १५, त्यात काही बदल नाही. परवा अलाइनमेंटला गाडी लिफ्टवर चढवली तर पोरगा म्हणाला साहेब हे बघा, दोन टायरला आतल्या बाजूने फुगा आलाय. चांगला लिंबाएवढा. बाहेरून काही दिसत नाही, त्यामुळे कधी आला कोण जाणे. दोन्ही टायरवरचा आठवडा-वर्षाचा आकडा सेम, म्हणजे एकाच आठवड्यात बनलेले. बाकीचे दोन वेगळ्या आठवड्यातले, ते ठणठणीत.

डीलरकडे गेलो तर त्याने मोबाईलवर फोटो काढून कंपनीच्या माणसाला व्हॉट्सॲप केले आणि दुसऱ्या दिवशी मला फोनवर तोंडी सांगितलं की इम्पॅक्ट डॅमेज आहे, वॉरंटीत बसत नाही. कोणी टायर बघायला आलं नाही, रिमवरून उतरवला नाही, आतून हात लावला नाही. रिमला एक ओरखडा नाहीये, अलाइनमेंटसुद्धा फारसं बिघडलेलं नव्हतं. मी म्हटलं लेखी द्या, तर म्हणे आमच्याकडे तशी पद्धत नाही.

माझा प्रश्न साधा आहे. ज्याने माल बनवला त्याचाच पगारी माणूस मालात दोष आहे की नाही हे ठरवणार, तेही फोटो बघून, आणि त्याचा कागद पण देणार नाही, तर या वॉरंटीला अर्थ काय? कोणी असं प्रकरण शेवटपर्यंत नेलंय का?

सोनचाफा:
सेम टू सेम. आमच्या नवीन गाडीच्या टायरला फुगा आला तर शोरूमवाले म्हणाले टायर आणि बॅटरी आमच्या वॉरंटीत नाही, त्या त्या कंपनीकडे जा. टायरवाला म्हणाला गाडी जिथून घेतली तिथे जा. शेवटी कंटाळून नवीन टायर घेतला. वाचतेय.

बंड्या_पेठेतला:
फुगा फुकट दिला आहे तर आता केक पण मागा कंपनीकडे. बाकी चालू द्या.

रबरकाका:
गोदाकाठ, मी टायर कंपनीत क्लेमच्या कामात बरीच वर्षं काढली, आता निवृत्त आहे, त्यामुळे दोन्ही बाजू लिहितो. राग मानू नका.

फुगा येतो म्हणजे काय होतं ते आधी बघा. रेडियल टायरच्या साईडवॉलमध्ये, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीत, पॉलिस्टरच्या दोऱ्यांचा थर असतो, प्लाय म्हणतात त्याला. हवेचा सगळा दाब हे दोरे धरून ठेवतात, रबर नाही. गाडी जोरात खड्ड्यात किंवा काँक्रीटच्या कडेवर आदळली की साईडवॉल रिमची कडा आणि खड्ड्याची कडा यांच्यामध्ये चेपली जाते आणि दोरे तुटतात. वरचं रबर लवचिक, ते तुटत नाही, म्हणून टायर चालत राहतो आणि जिथे दोरे गेले तिथून हवा रबराला बाहेर ढकलते. तो फुगा. कधी कधी आदळल्यावर लगेच दिसतो, कधी बऱ्याच दिवसांनी. आतल्या बाजूला असेल तर लिफ्टवर चढवेपर्यंत कळतही नाही. आणि हो, रिमला ओरखडा नसला तरी हे होऊ शकतं, त्यामुळे तो मुद्दा एकट्याने पुरत नाही.

माझ्यासमोर जे फुगे आले त्यातले बहुतेक असलेच होते, हे प्रामाणिकपणे सांगतो.

पण बनवतानाचा दोषही असतो. प्लायचा पट्टा टायरभोवती गुंडाळून त्याची दोन टोकं एकमेकांवर चढवतात, तो जोड नीट बसला नाही तर दोऱ्यांमध्ये फट राहते आणि तिथे फुगा येतो. यात दोरे तुटलेले नसतात, बाजूला सरकलेले असतात. हा फरक बाहेरून फोटोत दिसत नाही म्हणजे नाहीच. टायर उतरवून आतल्या अस्तरावर उजेड टाकून, बोटाने चाचपून बघावं लागतं. आदळलेल्या टायरला आत चेपल्याची खूण, चीर, कधी एकावर एक अशा दोन रेषा मिळतात. कमी हवेवर पळवलेल्या टायरला आतून गोल पट्टा घासलेला दिसतो आणि रबराचा काळा चुरा निघतो. यातलं काहीच नसेल आणि तरी फुगा असेल तर इंजिनिअरला उत्तर द्यावं लागतं.

त्यामुळे तुमच्या टायरमध्ये दोष आहेच असं मी म्हणणार नाही. पण व्हॉट्सॲपवर फोटो बघून नाही म्हणणं हे चूक आहे, शंभर टक्के चूक. आमच्या वेळी टायर उतरवल्याशिवाय शेरा मारला तर साहेब फाडून खायचे.

अजून एक, साईडवॉलवर आतल्या दिशेने बारीक खाच किंवा दबलेली रेषा दिसली तर घाबरू नका. तो प्लायचा जोड असतो, तिथे दोन थर असल्याने भाग कमी फुगतो. बाहेर आलेला फुगा आणि आत गेलेली रेषा यात लोक फार गोंधळ करतात.

मुलुंडची_मीरा:
रबरकाका तुमचा प्रतिसाद छान आहे पण मला एक कळत नाही, रस्त्यात खड्डे आहेत ही काय गुप्त माहिती आहे का? भारतात टायर विकता, जाहिरातीत खडकाळ रस्त्यावरून उड्या मारत गाडी जाताना दाखवता, आणि क्लेम आला की म्हणता खड्ड्यात का घातलीत. ज्या रस्त्यावर चालणार हे माहीत आहे त्या रस्त्यावर टिकेल असा माल बनवणं हे तुमचं काम नाही का. आमच्या इकडे पावसाळ्यात पूर्वद्रुतगती मार्गावर पाणी साचतं, खाली काय आहे दिसतच नाही, गाडी काय उचलून न्यायची?

रबरकाका:
मीराताई, रास्त आहे. पण साईडवॉल जाड केली तर टायर जड होतो, जास्त तापतो, मायलेज पडतं, आणि मग लोक त्याच्या नावाने ओरडतात. दुसरं म्हणजे लोकांना आता पातळ कडेचे मोठे टायर आवडतात. १८५/६५ मध्ये साईडवॉलची उंची रुंदीच्या ६५ टक्के म्हणजे साधारण १२० मिलिमीटर. त्याऐवजी २०५/४५ लावला तर ९२ च्या आसपास. खड्डा तोच, पण मधली गादी कमी. शोरूममध्ये मोठे अलॉय छान दिसतात, त्याची किंमत अशी मोजावी लागते.

मुलुंडची_मीरा:
पण गोदाकाठ यांनी तर ६५ चाच लावलाय ना, कंपनीने दिला तोच. त्यांच्या बाबतीत हे लागू नाही.

रबरकाका:
नाही, त्यांच्या बाबतीत नाही. मान्य.

भोसरीचा_राजू:
एवढं कशाला डोकं लावताय, आमच्याकडे एक भाऊ आहे तो साईडवॉलला आतून मोठा पॅच मारून देतो, गरम करून. माझा टायर तसाच चालतोय.

रबरकाका:
राजूभाऊ हात जोडून सांगतो, तो टायर आज काढा. साईडवॉलला कधीही पॅच चालत नाही. ट्रेडमध्ये, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीच्या भागात, खिळा गेला तर मश्रूम पॅच ठीक, कारण तिथे खाली स्टीलचे पट्टे आहेत. साईडवॉल दर फेऱ्याला वाकते आणि सरळ होते, पॅच तिथे दोऱ्यांचं काम करू शकत नाही. तो टायर घेऊन एक्सप्रेसवेला जाऊ नका, आणि पुढच्या चाकाला तर अजिबात नको.

कृष्णाकाठची_अनघा:
+१ रबरकाका. राजू प्लीज ऐका.

समृद्धीवाला:
नागपूरहून. माह्या दोन गाड्या टुरिस्टमध्ये आहेत, एक मी स्वतः चालवतो. समृद्धी डिसेंबर २०२२ ला शिर्डीपर्यंत सुरू झाला तेव्हापासून टायरचा विषय आमच्याकडे रोजचा झाला राजेहो. उन्हाळ्यात काँक्रीट तापलेलं, सरळसोट रस्ता, माणूस १२० वर ठेवून देते गाडी, आणि हवा कमी असली की टायर आतून उकळते. मधात आरटीओवाल्यांनी एंट्रीला टायर तपासनं सुरू केलं होतं, गुळगुळीत असला की परत पाठवत, ते चांगलं काम होतं.

माहा अनुभव असा की ट्रेडचा पट्टाच सुटून आला, हायवेवर, फटफट आवाज झाला म्हणून थांबवली नाहीतर काय झालं असतं देव जाने. कंपनीचा माणूस आला, त्यानं पाहिलं, म्हणे हवा कमी होती. मी म्हटलं बाबा माह्या गाडीला टीपीएमएस आहे, हवा कमी झाली की टुकटुक वाजते, वाजली नाही. तरी रिजेक्ट. मग मला सांगा, टॅक्सीवाल्याला ग्राहक कोर्टात जाता येते का? आमचा मुनीम म्हणते धंद्याची गाडी आहे, ग्राहक धरत नाही.

कृष्णाकाठची_अनघा:
सांगलीत वकिली करते, ग्राहक आयोगाची कामं बऱ्यापैकी बघते. सगळ्यांना एकत्र उत्तर देते, लांब होईल.

समृद्धीवाला दादा, मुनीम अर्धं बरोबर सांगतात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूने घेतलेला माल वगळलाय, पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून वापरलेला माल त्यातून परत बाहेर काढलाय. जी गाडी तुम्ही स्वतः चालवता तिच्या टायरसाठी तुम्ही ग्राहक आहात असं नीट मांडता येतं. दुसरी गाडी पगारी ड्रायव्हर चालवतो, तिथे समोरचा वकील हाच मुद्दा आधी काढणार.

गोदाकाठ, तुमच्यासाठी.

तक्रार तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात करता येते. कंपनीचं ऑफिस चेन्नईला असो नाहीतर गुरगावला, तुम्ही नाशिक सोडायची गरज नाही. ही सोय २०१९ च्या कायद्याने आली. मालासाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. वकील लावायलाच पाहिजे असं नाही (मी वकील असून सांगतेय). मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं, त्यामुळे बघू बघू करत बसू नका. ऑनलाइन पूर्वी ई-दाखिल होतं, २०२५ पासून ई-जागृती.

डीलर आणि कंपनी दोघांनाही प्रतिवादी करा. डीलर हमखास म्हणतो मी फक्त विकतो, मग कंपनी म्हणते डीलरने आम्हाला कळवलंच नाही. दोघं समोरासमोर असले की हे बंद होतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. टायर तुमच्या ताब्यातून सोडू नका. तपासणीला द्यायचाच असेल तर पावती घ्या, पावतीवर टायरचा सिरियल नंबर आणि ट्रेडची उरलेली खोली लिहून घ्या, आणि लिहून घ्या की कापायचा किंवा भंगारात घालायचा नाही. माझ्याकडे एक केस अशी आली होती की कंपनीने टायर नेला, रिजेक्ट केला आणि परत मागितला तर म्हणे नष्ट केला. मग आम्ही तपासायला पाठवणार काय, डोंबल?

कारण कायद्यात कलम ३८ मध्ये स्पष्ट आहे, दोष तपासणीशिवाय कळणार नसेल तर आयोग नमुना सील करून योग्य प्रयोगशाळेकडे पाठवतो. पण त्यासाठी अर्ज तुम्ही करायचा असतो. लोक करत नाहीत. नुसतं टायर खराब निघाला म्हणतात, पुरावा देत नाहीत, आणि तज्ज्ञाचा अहवाल नाही म्हणून तक्रार फेटाळली जाते. कंपनीच्या इंजिनिअरचा अहवाल हा त्यांच्या बाजूचा पुरावा आहे, तो काही निवाडा नाही, पण त्याला उत्तर देणारा दुसरा कागद फाईलमध्ये नसेल तर आयोगासमोर तोच एक कागद राहतो.

तपासणीचा खर्च सुरुवातीला तुमच्याकडून भरून घेतात. एका टायरसाठी एवढं करायचं का हा प्रश्न ज्याचा त्याने सोडवायचा. माझं मत, करावं.

वाटसरू७७:
अनघाताई, अशी प्रयोगशाळा आहे तरी का आपल्याकडे? की दिल्लीला पाठवतात?

रबरकाका:
आहे की. ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये इरम्रा (आता नाव आयआरएमआरआय) आहे, रबराच्या संशोधनाचीच संस्था आहे ती. टायर, ट्यूब, रबराच्या सगळ्या तपासण्या होतात. दोरे तुटलेत की सरकलेत हे एक्सरेवर स्वच्छ दिसतं. कंपन्या स्वतः कारखान्यात तेच करतात.

हिशोबनीस_ठाणे:
क्लेम मंजूर झाला तरी आनंदाने नाचू नका. माझा मंजूर झाला होता, तरी हातात काय पडलं ते सांगते.

टायरचा क्लेम प्रो-राटा असतो, म्हणजे जेवढा झिजला तेवढे पैसे तुम्ही भरायचे. नवीन असताना ट्रेडची खोली समजा ८ मिलिमीटर. खोबणीत जे छोटे उंचवटे असतात ते १.६ ला असतात, तिथे टायर संपला असं धरतात. म्हणजे वापरायची खोली ६.४. तुमच्या टायरची आज ४.८ उरली असेल तर वापरायची उरली ३.२, म्हणजे बरोबर निम्मा टायर संपला. नवीन टायरच्या निम्मे पैसे तुम्ही द्यायचे. इथपर्यंत मला मान्य आहे.

पण निम्मे कशाचे? तर छापील किमतीचे! छापील किंमत समजा ७,२०० असेल तर मला ३,६०० भरायला सांगतात. तोच टायर तोच दुकानदार काउंटरवर घासाघीस करून ५,८०० ला देतो. म्हणजे दिसायला ५० टक्के क्लेम मिळाला, खरा फायदा २,२०० चा. वर फिटिंग, बॅलन्सिंग, नवीन व्हॉल्व्हचे पैसे वेगळे. मी बिलाच्या किमतीवर हिशोब करा म्हणून हट्ट धरला, माझ्याकडे बिल होतं, मेलवर मेल केले, शेवटी त्यांनी केला. पण मागितल्याशिवाय कोणी करत नाही.

आणि खोली मोजताना त्यांच्या माणसाने ट्रेडच्या सगळ्यात झिजलेल्या खोबणीत गेज घातला. मी म्हटलं चार खोबण्या आहेत, चारही मोजा आणि कशी सरासरी धरता ते दाखवा. गेज दोनशे-तीनशेला मिळतो, स्वतःचा घेऊन जा.

गोदाकाठ:
हिशोबनीस ताई हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. अनघाताई, काका, मनापासून आभार. आज मेल करतोय.

आम्ही_कोल्हापुरी:
अहो ह्या सगळ्या कंपन्या आतून एकच हायत की ओ. सीसीआयने, म्हंजे स्पर्धा आयोगाने, पाच टायर कंपन्यांना मिळून १,७८८ कोटींचा दंड ठोकला होता, २०२२ ला बातमी आली होती. भाव ठरवून वाढवले म्हणून. आता असली माणसं तुमचा एक टायर बदलून देतील व्हय?

वाटसरू७७:
दंडाची बातमी बरोबर आहे पण ते प्रकरण ट्रक-बसच्या क्रॉस-प्लाय टायरच्या भावाचं होतं, कारच्या टायरच्या क्लेमचं नाही. आणि डिसेंबर २०२२ मध्ये अपिलात एनसीएलएटीने (कंपनी कायद्याच्या अपिलीय न्यायाधिकरणाने) ते फेरविचारासाठी सीसीआयकडे परत पाठवलं. या धाग्यातल्या माणसाने आयोगात हे मांडलं तर समोरचा वकील पहिल्या मिनिटात उडवेल, म्हणून लिहिलं.

आम्ही_कोल्हापुरी:
बरं बरं, माघार. पण राग काय कमी होत नाही.

डिचोलीकर:
गोव्यातून. माझं वेगळंच. नवीन म्हणून घेतलेल्या टायरवर घरी येऊन बघितलं तर आकडा दोन वर्षांपूर्वीचा. डीओटीपासून सुरू होणाऱ्या कोडचे शेवटचे चार आकडे बघायचे, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३२४ असेल तर २०२४ चा तेविसावा आठवडा. लबाडी कुठे होते तर हा पूर्ण कोड टायरच्या एकाच बाजूला असतो, आणि फिटिंग करताना ती बाजू आत टाकली की तुम्ही वाकून बघितल्याशिवाय कळणार नाही. रिमवर चढवायच्या आधी बघा आणि बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या. वॉरंटी काही ठिकाणी बिलाच्या तारखेपासून धरतात, बिल नसेल तर बनवल्याच्या आठवड्यापासून. बिल हरवलं की दोन वर्षं तिथेच गेली.

दुकानदाराशी भांडलो, शेवटी बदलून दिला. तो म्हणत होता की गोदामात ठेवलेल्या टायरला काही होत नाही.

रबरकाका:
गोदामात सावलीत, नीट ठेवला असेल तर दोन वर्षांनी लगेच खराब होत नाही हे खरं आहे. पण ग्राहकाला सांगून आणि त्या भावात विका ना. न सांगता ताजा म्हणून का विकता.

डेट्रॉईटची_वहिनी:
इकडे मिशिगनमध्ये हिवाळा संपला की रस्ते असे फुटतात की फुगे इकडेही नेहमीचेच. इथेही साध्या वॉरंटीत खड्डा बसत नाही, दुकानवाले वेगळे पैसे घेऊन रोड हॅझर्डचं कव्हर देतात. आणि मैलांच्या वॉरंटीचा क्लेम करायला गेलं की टायर फिरवल्याची, म्हणजे पुढचे मागे केल्याची, सगळी बिलं मागतात.

एक मोठा फरक मात्र आहे. २००० साली ऑगस्टमध्ये फायरस्टोनने ६५ लाख टायर परत बोलावले, फोर्ड एक्सप्लोररवर ट्रेड सुटून गाड्या उलटत होत्या. इथल्या सुरक्षा यंत्रणेने शेवटी २७१ मृत्यू त्या टायरशी जोडले. त्यानंतर त्याच वर्षी ट्रेड (TREAD) ॲक्ट आला, टायर कंपन्यांना मृत्यू, जखमी, क्लेम यांची आकडेवारी सरकारला द्यावी लागते. समृद्धीवाला भाऊंचं वाचून तेच आठवलं. एका माणसाचा पट्टा सुटला तर हवा कमी होती म्हणता येतं. सगळ्यांचे क्लेम एका जागी मोजले गेले तर ते म्हणता येत नाही. आपल्याकडे हे कोण मोजतं?

कृष्णाकाठची_अनघा:
वहिनी, मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०अ आलं, सदोष गाड्या परत बोलवायचा आदेश सरकार देऊ शकतं, आणि १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू आहेत. गाडीतल्या सुट्या भागाचा दोषही त्यात येऊ शकतो. पण त्यासाठी लोकांनी तक्रारी नोंदवायला पाहिजेत. आपण डीलरशी भांडतो, चिडतो, नवीन टायर घेतो, आणि कुठेच नोंद राहत नाही. निदान १९१५ वर फोन करून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाका, नंबर मिळतो, कंपनीकडे जाते, आणि पुष्कळदा तेवढ्यानेच कंपनीचा वरचा माणूस फोन करतो.

सोनचाफा:
खड्ड्यासाठी महापालिकेवर का नाही दावा लावायचा? मध्ये मुंबई हायकोर्टाचा निकाल आला होता ना?

वाटसरू७७:
ऑक्टोबर २०२५ चा. खड्ड्यामुळे मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख आणि जखमीला ५० हजार ते अडीच लाख. टायर-रिमच्या नुकसानीचं त्यात नाही.

बंड्या_पेठेतला:
अवांतर: नायट्रोजन भरल्याने फुगा येत नाही म्हणतात, खरं का?

रबरकाका:
नाही. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. नायट्रोजन कोरडा असतो आणि थोडा हळू निसटतो, एवढाच फायदा. थंड टायरला, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला दाब, दर पंधरवड्याला तपासा. नायट्रोजनच्या नावाखाली सहा महिने कोणी गेजच लावत नाही.

मुलुंडची_मीरा:
नायट्रोजनवर कृपया वेगळा धागा काढा, इथे गाडी भरकटतेय.

गोदाकाठ:
अपडेट देतो, थोडं लांब आहे.

मेल कंपनीच्या कस्टमर केअरला आणि डीलरला एकत्र केली, अनघाताईंनी सांगितल्याप्रमाणे सिरियल नंबर, बिल, फोटो सगळं जोडून. लिहिलं की टायर माझ्या समोर उतरवून तपासा आणि निकाल कारणासकट लेखी द्या. उत्तर नाही. मग १९१५ वर नोंदवलं. त्यानंतर विभागीय ऑफिसमधून फोन आला, भाषा एकदम मऊ, इंजिनिअर पाठवतो म्हणाले.

इंजिनिअर तरुण मुलगा होता, वाईट नव्हता. पहिला टायर उतरवला, आत चेपल्याची खूण आणि बारीक चीर दिसली, मला बोट लावून बघायला सांगितलं. काका म्हणाले तशीच. दुसऱ्या टायरला आत काहीच नाही. स्वच्छ. ना चीर, ना खूण, ना काळा चुरा. तो स्वतःच दोन-तीन वेळा बोट फिरवत बसला, मग बाहेर जाऊन फोनवर बोलून आला, आणि आल्यावर फॉर्मवर दोन्हीला इम्पॅक्ट असंच लिहायला लागला. मी म्हटलं दुसऱ्याची खूण कुठे आहे ती दाखवा आणि तिचं माप लिहा. तो गप्प. मग म्हणाला सर मला वरून जे सांगतात ते. मी त्याच्यावर ओरडलो नाही, त्याचा काय दोष. पण सही करायच्या आधी त्या फॉर्मवर माझ्या हाताने लिहिलं की टायर क्रमांक २ मध्ये आतून कोणतीही खूण आढळली नाही, तपासणी माझ्या समोर झाली, आणि सगळ्याचा व्हिडिओ आहे. त्याने त्याखाली सही केली. टायर त्यांना दिला नाही.

आता कंपनी म्हणते गुडविल म्हणून दुसऱ्या टायरवर ३० टक्के सूट देतो, पण प्रकरण मिटलं असं लिहून द्या. मोठा भाऊ म्हणतोय घे आणि मोकळा हो. मला पटत नाहीये. दोष असेल तर दोष म्हणून द्या, नसेल तर खूण दाखवा. सूट कसली देताय?

पहिल्या टायरचं माझं काही म्हणणं नाही, तो खड्ड्याचाच होता.

रबरकाका:
फॉर्मवर लिहून घेतलंत हे फार मोठं काम केलंत. पहिला टायर सोडून देताय हेही बरं, त्याने दुसऱ्याच्या बाबतीत तुमचा शब्द वजनदार होतो. दुसरा जोडाचा दोष वाटतोय मला, फोटोवरून मीही छातीठोक सांगणार नाही, एक्सरे काढा.

हिशोबनीस_ठाणे:
३० टक्के छापील किमतीवर असेल तर काउंटरच्या भावापेक्षा किती कमी पडतंय ते आधी बघा. मला वाटतं जवळजवळ काहीच नाही.

समृद्धीवाला:
नका घेऊ भाऊ. एकजण तरी शेवटपर्यंत जाऊ द्या.

सोनचाफा:
पण घरात लहान मुलं, नोकरी, तारखा, हे सगळं सांभाळून किती वर्षं जायचं हो? मी तरी त्यांच्या भावाच्या बाजूने आहे.

कृष्णाकाठची_अनघा:
सोनचाफा, चूक नाही तुमचं. कायद्यात ३ महिने, प्रयोगशाळेची तपासणी लागली तर ५ महिने लिहिलंय, प्रत्यक्षात जास्त लागतो, मी खोटी आशा दाखवणार नाही. पण समोरच्याला लेखी म्हणणं द्यायला ३० अधिक १५ असे ४५ दिवसच आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये ते पक्कं केलंय, त्यामुळे पूर्वीसारखं तारखांवर तारखा घेऊन म्हणणंच न देणं चालत नाही. आणि सुनावणीला व्हिडिओवरून हजर राहण्याची तरतूद आहे, तसा अर्ज करा.

गोदाकाठ, मिटवल्याच्या कागदावर सही केलीत तर पुढचा रस्ता बंद. करायची नसेल तर आधी नोटीस पाठवा, १५ दिवसांची मुदत द्या, स्पीड पोस्टाने, पोचपावती जपून ठेवा. तक्रारीत टायरची किंमत, फिटिंगचा खर्च, मानसिक त्रास आणि तक्रारीचा खर्च हे चार वेगवेगळे मागा. आणि प्रयोगशाळेचा अर्ज तक्रारीसोबतच द्या, नंतर नाही. मसुदा व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी बघून देते, फी नको.

गोदाकाठ:
ताई, व्यनि केलाय. नोटीस सोमवारी टाकतो. दुसरा टायर गाडीतून काढून घरी माळ्यावर ठेवलाय, त्यावर सिरियल नंबर दिसेल असा कागद चिकटवून.

मावळातला_मिलिंद:
उशिरा आलो. हे सगळं टू-व्हीलरच्या टायरला पण लागू होतं का? माझ्या स्कूटरच्या मागच्या टायरचा ट्रेड एका बाजूने उचकटलाय, दुकानदार म्हणतो दोनचाकीला क्लेम नसतोच.

कृष्णाकाठची_अनघा:
कायदा दोन चाकं आणि चार चाकं यात फरक करत नाही. दुकानदाराला क्लेम नाही हे कंपनीच्या लेटरहेडवर लिहून मागा. बिल आहे ना?

मावळातला_मिलिंद:
बिल आहे. उद्या जातो आणि लिहून मागतो.